पाऊस लागण्याआधी गाडीचे वायपर बदला

रोहिणी निघाली की आपण कुळव, तिफण, पाभर काढून बघतो. फवारणी पंपाचे वायसर बदलतो. पण ज्या पिकअपमधून आपला माल बाजाराला जातो, तिच्या पुढच्या काचेवरच्या वायपरकडे कुणाचं लक्ष जात नाही. दिवाळीपासून ते बिचारे उन्हात तळत असतात. मग मृगाचा पहिला पाऊस गाठतो, तो बहुधा रात्री आणि तोही वाटेत. बटण दाबलं की काचेवर चिखलाचा पट्टा उमटतो आणि जे थोडंफार दिसत होतं तेही दिसेनासं होतं.

नारायणगाव, आळेफाट्याकडची टोमॅटोची गाडी रात्री माळशेज घाट उतरून कल्याणकडे निघते, तेव्हाचा विचार करा. पाऊस, धुकं, वळण आणि समोरच्या ट्रकचा उजेड. ताशी ६० किलोमीटरनं चाललेली गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. तीन सेकंद काच पुसली गेली नाही तर ५० मीटर रस्ता तुम्ही न बघता कापला. घाटात निम्म्या वेगानं गेलात तरी २५ मीटर होतात, आणि घाटातलं वळण पुष्कळदा त्याहून जवळ असतं. कायदाही आहेच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील नियम १०१ प्रमाणे काच असलेल्या चारचाकी गाडीला चांगल्या स्थितीतला, यंत्रावर चालणारा वायपर असावाच लागतो. दंडाचं राहू द्या, जीव मोलाचा आहे.

वायपरचं पातं बिघडलं की नाही हे ओळखणं सोपं आहे. पात्याचं रबर दोन बोटांत धरून हलकं वाकवा. ते मऊ असेल आणि सोडल्यावर सरळ होत असेल तर ठीक. कडक लागलं, भेगा दिसल्या, कडेला दाते पडले असतील, तर ते कामातून गेलं. साधारणपणे दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पाती बदलावीत. रबर झिजून पत्र्याचा सांगाडा काचेला घासू लागला, तर काचेवर कायमचे ओरखडे पडतात. मग पात्याच्या दोन पैशांसाठी काचेचे रुपये मोजावे लागतात.

नवीन पातं आणताना लांबी इंचांत मोजून घ्या. पुष्कळ गाड्यांना चालकाच्या बाजूचं पातं मोठं आणि दुसऱ्या बाजूचं लहान असतं, म्हणून दोन्ही मोजा. 'लांब पातं जास्त पुसतं' असं समजून मोठं घेऊ नये. ते शेजारच्या पात्याला तरी अडतं, नाहीतर काचेच्या चौकटीवर आपटतं. सर्वांत बरं म्हणजे जुनं पातं काढून दुकानातच न्यावं. जोडणीची तऱ्हा गाडीगणिक वेगळी असते, ती दुकानदाराला नमुना बघून लगेच कळते.

आता काढायचं कसं ते पाहू. गाडी बंद करा, किल्ली काढून घ्या. वायपरचा दांडा, म्हणजे ज्याला गॅरेजवाले आर्म म्हणतात तो, काचेपासून उचलून उभा करा. काही गाड्यांत तो बॉनेटच्या कडेखाली दबलेला असतो. अशा वेळी आधी वायपर चालू करून पाती काचेच्या मध्यावर आली की किल्ली बंद करावी आणि मग दांडा उचलावा. लगेच काचेवर गोणपाटाची जाड घडी ठेवा. हे अगदी विसरू नका. दांड्याला जोरदार स्प्रिंग असते. पातं निघाल्यावर तो हातातून सुटला तर नुसतं लोखंड काचेवर आपटतं आणि काच तडकते. पाच मिनिटांच्या कामात एवढीच एक जोखीम आहे.

बहुतेक गाड्यांत दांड्याचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळलेलं असतं. पातं त्या आकड्यात अडकलेलं असतं. पातं दांड्याला आडवं फिरवा, म्हणजे आकड्याच्या पोटात प्लास्टिकची एक छोटी जीभ दिसेल. ती अंगठ्यानं दाबून धरा आणि पातं दांड्याच्या बुडाकडे, म्हणजे बॉनेटच्या दिशेनं ओढा. ते आकड्यातून सुटेल. मग पात्याच्या फटीतून आकडा बाहेर काढून घ्या. धुळीनं जीभ अडली असेल तर थोडं पाणी सोडा, पक्कडीनं हिसके देऊ नका. दांडा वाकला की नवं पातंही नीट पुसणार नाही.

नवं पातं बसवताना हेच उलट करायचं. फटीतून आकडा घाला आणि पातं दांड्याच्या टोकाकडे ओढा. 'खट' असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर ते भर पावसात उडून पडेल, म्हणून एकदा खाली ओढून खात्री करा. रबराच्या कडेवर प्लास्टिकचं टोपण असेल तर ते काढा. ते तसंच ठेवून 'नवं पातं पुसत नाही' म्हणणारे काही थोडे नाहीत. मग घडी काढून दांडा हातानं हळूच काचेवर टेकवा. एक बाजू पुरी झाल्यावरच दुसरीला हात घाला, म्हणजे अडलंच तर नमुना समोर राहतो.

जुन्या जीपला किंवा टेंपोला पत्र्याचा सांगाडा असेल आणि तो धड असेल, तर नुसतं रबर बदलूनही भागतं. रबराच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या असतात, त्या जशा निघाल्या तशाच नव्या रबरात घाला. मग रबर सांगाड्याच्या प्रत्येक नखीतून ओवत न्या. एकही नखी सुटता कामा नये.

आता तांब्याभर पाणी ओतून वायपर चालवून बघा. कोरड्या काचेवर कधीही चालवू नये, धुळीनं काच आणि रबर दोन्ही घासतात. काचेवर एकच बारीक रेघ राहिली तर रबराच्या कडेला कचरा आहे किंवा ती तुटली आहे. पातं थरथरत, उड्या मारत असेल तर बहुधा काच तेलकट आहे. शाम्पूच्या पाण्यानं काच धुवा आणि ओल्या फडक्यानं रबराची कड पुसा. डिझेल किंवा रॉकेल मात्र लावू नका, त्यानं रबर फुगतं. मोटरचा आवाज येतो पण दांडा हलत नाही, असं असेल तर दांड्याच्या बुडाशी टोपणाखाली नट असतो, तो ढिला झाला आहे का ते बघा.

काही ड्रायव्हर लोक काचेवर तंबाखू चोळतात. त्यानं घटकाभर पाणी घसरून जातं हे खरं, पण वायपर बंद पडल्यावर जवळच्या वस्तीपर्यंत पोचण्यापुरताच तो उपाय समजावा. त्यापेक्षा जुन्या दोन पात्यांतलं जे कमी झिजलेलं असेल ते वर्तमानपत्रात गुंडाळून सीटमागे टाकून ठेवा. अंधारात वाटेत पातं तुटलं तर निदान चालकाच्या बाजूला लावता येईल, म्हणून दोन्हींची लांबी वेगळी असल्यास चालकाच्या बाजूचंच ठेवा.