लग्न झालं, म्हणून नोकरी का जावी?

“लग्न ठरलं ना? मग आता नोकरीचं काय?” हा प्रश्न मुलाला कधी कुणी विचारतं का हो? मुलीला मात्र हमखास विचारतात. घरच्यांनी विचारला तर एक वेळ समजून घेता येईल. पण मैत्रिणींनो, हा प्रश्न एके काळी चक्क नोकरीच्या नियमांतच होता!

सी. बी. मुथम्मा या कूर्गच्या. १९४९ साली त्या परराष्ट्र सेवेत गेल्या. या सेवेतल्या त्या पहिल्या स्त्री. तिथे पुढे नियम असा होता, की बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. आणि संसारामुळे कामात अडचण येते असं सरकारला वाटलं, तर लग्नानंतर केव्हाही तिचा राजीनामा मागता येई. बढती नाकारली गेली तेव्हा मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अगदी आपल्या मनातलंच विचारलं : संसार बाईच्या कामाआड येतो, तर मग पुरुषाच्या का येऊ नये? दरम्यान बढती मिळाल्याने अर्ज निकालात निघाला, पण असले नियम तपासून दुरुस्त करा, असं न्यायालयाने सरकारला बजावलं.

दुसरी हकीकत एअर इंडियातली. तिथल्या हवाई सुंदरीची नोकरी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी संपे. पहिल्या चार वर्षांत लग्न केलं किंवा पहिल्यांदा दिवस गेले, तर त्याआधीच! त्याच विमानातले पुरुष कर्मचारी अठ्ठावन्नपर्यंत नोकरीत. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध लढल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली आणि ती भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असं म्हटलं. पण चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र योग्य ठरवली. का, तर मुलगी तोवर परिपक्व होते, कुटुंबनियोजनाला मदत होते आणि कंपनीचा शिक्षणाचा खर्चही वाया जात नाही! म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्याने राखून ठेवलं.

ही वाट किती लांबची आहे, पाहा. लष्करी परिचर्या सेवेतल्या एका अधिकारी बाईंना लग्न केलं म्हणून १९८८ साली घरी पाठवलं होतं. त्यांना साठ लाख रुपये भरपाई देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो २०२४ साली. छत्तीस वर्षांनी!

आता आपल्यापुरतं. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या दुकानालाही ही तरतूद लागू होते. अट इतकीच, की आधीच्या बारा महिन्यांत निदान ऐंशी दिवस काम केलेलं हवं. या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. रोजंदारीवरच्या बायकांनाही बाळंतपणाचा लाभ मिळायला हवा, असं न्यायालयाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या खटल्यात सांगितलं.

तेव्हा एवढं करा. नेमणुकीचं पत्र आणि पगाराच्या चिठ्ठ्या दागिन्यांइतक्याच जपून कपाटात ठेवा. रजेचा अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. “आता तुम्हाला झेपायचं नाही, राजीनामा देऊन टाका,” असं कुणी गोडीगुलाबीने म्हणालं, तर लगेच सही करू नका. “नियम लेखी दाखवा,” एवढंच शांतपणे म्हणा. आणि वकिलाच्या फीची धास्ती नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, मग घरची मिळकत कितीही असो.

लग्न करायचं की नाही, मूल केव्हा हवं, नोकरी सोडायची की टिकवायची, हे घरात बसून, बोलून ठरवा. ते साहेबाने ठरवायचं नाही.