लेखांक ४ : मराठी पडदा आणि मासिक वर्गणी

इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या वर्गणी-सेवांचा आरंभ टपालखात्याच्या आश्रयाने झाला, ही गोष्ट आज काहीशी विस्मृतीत गेली आहे. रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांनी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेली नेटफ्लिक्स ही कंपनी सुरुवातीला डीव्हीडी टपालाने भाड्याने देत असे. १९९९ मध्ये तिने प्रत्येक डीव्हीडीमागे भाडे घेण्याऐवजी ठरावीक मासिक वर्गणी घेण्याची योजना आणली, आणि इंटरनेटवरून चित्रपट दाखवणे त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे २००७ मध्ये सुरू झाले. या धंद्याचा पाया तंत्रज्ञानाने नव्हे, तर वर्गणीच्या हिशेबाने घातला, असे म्हणण्यास त्यामुळे पुरेसा आधार आहे.

तंत्राचा भाग थोडक्यात सांगता येईल. चित्रपटाची संपूर्ण फाइल एकदम न पाठवता तिचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात, प्रत्येक तुकडा कमी-अधिक स्पष्टतेच्या अनेक प्रतींत तयार ठेवला जातो, आणि त्या क्षणी नेटचा वेग असेल त्यानुसार प्रेक्षकाचा मोबाइल योग्य ती प्रत मागवून घेतो. सोलापूरसारख्या शहरात ही सोय सर्वसामान्य घरांपर्यंत पोहोचली ती २०१६ नंतर. त्या वर्षी जानेवारीत नेटफ्लिक्स दरमहा ५०० रुपये किमान दराने भारतात आली खरी, पण सप्टेंबरमध्ये जिओ कंपनीची मोबाइल सेवा सुरू होऊन डेटाचे दर कोसळले, ही घटना त्याहून कितीतरी अधिक परिणामकारक ठरली. पुढे नेटफ्लिक्सलाच २०१९ मध्ये केवळ मोबाइलपुरती १९९ रुपयांची योजना काढावी लागली.

केवळ मराठीसाठी वाहिलेली सेवा उभारण्याचा ठळक प्रयत्न म्हणजे अक्षय बर्दापूरकर यांची ‘प्लॅनेट मराठी’. करोनाकाळातील टाळेबंदीमुळे चित्रपटगृहे ओस पडली असताना तिची आखणी झाली आणि ३० जून २०२१ रोजी ‘जून’ हा चित्रपट तिच्यावर प्रदर्शित झाला. ‘अनुराधा’, अभिजित पानसे दिग्दर्शित ‘रानबाजार’, ‘अथांग’ अशा वेब मालिका पाठोपाठ आल्या. त्यांपैकी २०२२ मधील ‘रानबाजार’ने, तिच्या धीटपणाविषयी मतभेद असले तरी, मराठी वेब मालिकेची चर्चा घडवून आणली, हे मान्य करावे लागते.

तथापि चर्चा होणे आणि वर्गणी टिकणे यांत मोठे अंतर आहे. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने २०१६ मध्ये तिकीटखिडकीवर जे यश मिळवले, त्यावरून मराठी प्रेक्षक पैसे मोजत नाही हा समज खोटा ठरला, परंतु तिकीट एका कलाकृतीसाठी एकदाच काढले जाते, तर वर्गणी महिन्यामागून महिना भरावी लागते, आणि आवडीची मालिका संपताच ती बंद करणाऱ्यांचे प्रमाण, ज्याला ग्राहकगळती म्हणतात, वाढू लागले की सेवेचे गणित कोसळते. ही गळती रोखण्यासाठी नवी निर्मिती अखंड लागते आणि तिच्यासाठी भांडवल लागते.

मराठीची खरी अडचण मात्र याहून खोल आहे. मराठी प्रेक्षकाला हिंदी सहज समजते, त्यामुळे हिंदीचा अवाढव्य साठा असलेली कोणतीही सेवा त्याच्यापुरती मराठी सेवेची स्पर्धक ठरते. निर्मातेही त्याच वाटेवर आहेत. ‘सैराट’नंतर मंजुळे यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘झुंड’ हिंदीत होता. शिवाय मोठ्या सेवा मराठीतील निवडक कृती परस्पर उचलतात: चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवर, तर ‘पिकासो’ प्राइम व्हिडिओवर, दोन्ही २०२१ मध्येच आले.

सोलापुरात हा प्रश्न विशेष उघडपणे दिसतो. यंत्रमाग आणि विडी उद्योगांतील पद्मशाली समाजाची तेलुगू, कर्नाटकाच्या सीमेलगतची कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू या भाषा तेथे एकाच पेठेत नांदतात. त्यांपैकी तेलुगूसाठी अल्लू अरविंद यांच्या पुढाकाराने २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आहा’ या सेवेला तेलुगू चित्रपटसृष्टीच्या प्रचंड उत्पादनाचा आधार होता. तसा आधार मराठीकडे नसल्यामुळे ‘आहा’ आणि ‘प्लॅनेट मराठी’ यांची तुलना करताना केवळ चालकांच्या कर्तबगारीकडे पाहणे अन्यायाचे होईल.

‘अल्ट्रा झकास’ या दुसऱ्या मराठी सेवेने नंतर निराळा मार्ग धरला: गृहव्हिडिओच्या व्यवसायातून आलेल्या अल्ट्रा कंपनीच्या संग्रहातील जुने मराठी चित्रपट हेच तिचे भांडवल. जुन्या चित्रपटाचा निर्मितिखर्च पूर्वीच वसूल झालेला असल्याने अशी सेवा थोड्या वर्गणीदारांवरही तग धरू शकते. दुसरीकडे, मोबाइलच्या रिचार्जमध्येच अनेक सेवांची वर्गणी समाविष्ट करण्याची प्रथा रूढ झाली असून, अशा जुडग्यात जागा मिळाली तर छोट्या सेवेला प्रेक्षक मिळतो, पण त्याच्याकडून थेट पैसे घेण्याचा आणि त्याची आवड जाणून घेण्याचा मार्ग मात्र दूरसंचार कंपनीच्या हाती जातो.