धडगाव परिसरातील पारंपरिक घरे आणि घरकुले : अंतर्गत रचनेचा विचार

सातपुड्याच्या रांगांत वसलेले धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. येथील पावरा व भिल्ल समाजाची घरे दाट गावठाणात नसून पाड्यापाड्यांवर, बहुधा स्वतःच्या शेतातच विखुरलेली आढळतात. सागाचे खांब, शेणामातीने सारवलेले बांबूचे कूड आणि कौलारू छप्पर असलेल्या पारंपरिक घरात माणसे, गुरे, धान्य व चूल एकत्र नांदतात. परक्या माणसास ही रचना गैरसोयीची वाटते. परंतु तिच्यामागे निश्चित कारणे आहेत. डोंगरउतारावरील एकाकी घरात पशुधन रात्री नजरेसमोर राहते. चुलीच्या धुरामुळे आढ्याखाली टांगलेली मक्याची कणसे कोरडी राहतात व त्यांना कीड लागत नाही. अर्थात तोच धूर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांतही जातो. खिडक्यांअभावी तो कोंडतो, हा दोष परंपरेच्या नावाखाली झाकता येणार नाही.

१९८५ पासून राबविल्या गेलेल्या इंदिरा आवास योजनेतील २० चौरस मीटरचे घर २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे झाले. पक्क्या भिंतींमुळे आगीचे भय आणि दरवर्षीची डागडुजी कमी होते. मात्र सुमारे २७० चौरस फुटांत कुटुंबासह बैलजोडी व वर्षभराचे धान्य मावत नाही. घरकुलास लागून कुडाची पडवी काढल्यास गुरे वेगळी राहतात. ती नजरेआड होऊ नयेत म्हणून पडवीकडील भिंतीत खिडकी मात्र बांधकामापूर्वीच योजावी लागते.