सरकारी जमीन पट्ट्यावर घेतली, मग शिकार करता येते का?

पालकसभेनंतर गप्पा निघतात तेव्हा हा सवाल आमच्यासमोर हमखास येतो. "मास्तर, जमीन सरकारची, पण पट्टा आमच्या नावावर आहे. रानडुक्कर मारलं तर कोण विचारणार?" वनखातं विचारणार.

भाडेपट्ट्याने मिळतो तो जमिनीचा वापर. तलावाचा ठेका घेतला तर मासे तुमचे, पण पाण्यावर उतरलेली बदकं तुमची नाहीत. पट्ट्याच्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांचंही तसंच. जमीन स्वतःच्या मालकीची असली तरी यात फरक पडत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फासा लावणं, विष घालणं, अंडी फोडणं हीसुद्धा शिकारच.

मग परवानगी मिळते कधी? कलम ११ प्रमाणे रानडुक्कर, रोही यांसारखा प्राणी जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाला तर. कायद्यात "कोणत्याही जमिनीवरचं पीक" असं म्हटलंय, म्हणजे पट्टेदारालाही अर्ज करता येतो. पण अधिकृत वन अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी आदेश हातात पाहिजे. वनरक्षक तोंडी "हां, मारा" म्हणाला, ते कोर्टात चालत नाही. बंदूकही परवान्याचीच हवी.

खाण्यासाठी किंवा शौकासाठी अशी परवानगी नाहीच. आमच्याकडची पोरं ससा-तितराच्या मागे जातात, आणि घरचे म्हणतात, बिस्मिल्लाह म्हणून जबह केलंय ना! जबह दुरुस्त असेल, पण शिकार बेकायदा, आणि मारलेला प्राणी कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता. शिजवलेल्या हंडीवरूनही गुन्हा उभा राहतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोर, काळवीट असेल तर कैद किमान तीन वर्षं, कमाल सात. पोराच्या नोकरीचं, पासपोर्टचं काय होईल ते वेगळंच.

कुंपणात वीज सोडणं तर अजिबात नको. त्यात रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी सापडतो, आणि मग प्रकरण डुकराचं राहत नाही.

नुकसान दिसलं की त्याच दिवशी फोटो काढा, वन परिक्षेत्र कार्यालयात कळवा, पंचनामा आणि भरपाई मागा. परवानगीच्या अर्जात गट नंबर, पीक, नुकसान लिहा, पट्ट्याची नक्कल जोडा. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.