खरखर सेन्सरच्या पोटातच असते

मागच्या भागात आपण अतिवाहक म्हणजे सुपरकंडक्टर पाहिला. आज त्यापासून बनणारा चुंबकीय सेन्सर, स्क्विड.

फौजेत वायरलेस सेटवर बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं, पलीकडचा आवाज क्षीण असेल तर नुसता व्हॉल्यूम वाढवून भागत नाही. खरखरही तेवढीच वाढते. स्क्विडचं दुखणं नेमकं हेच आहे.

स्क्विड म्हणजे अतिवाहकाचं चिमुकलं कडं, त्यात दोन कमकुवत सांधे. कड्यातलं चुंबकीय क्षेत्र जरा बदललं की व्होल्टेज बदलतं. जुनी स्क्विड द्रव हीलियममध्ये, उणे २६९ अंशांवर चालायची. हीलियम महाग, सांभाळायला कटकटीचा. १९८७ साली इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड आलं आणि उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन पुरेसा झाला. गुरांच्या दवाखान्यात रेतमात्रा ठेवतात, तोच. म्हणजे सेन्सर प्रयोगशाळेबाहेर माळरानावर नेता येणार!

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेने तो नेलाही. त्यांचं लँडटेम हे उपकरण खनिजं शोधतं. जमिनीवर तारेचं मोठं वेटोळं टाकून वीज सोडायची आणि एकदम बंद करायची. खालच्या धातुकात प्रवाह उमटतात आणि हळूहळू विझतात. धातुक चांगलं असेल तर फारच हळू. साधी कॉइल फक्त बदलाचा वेग मोजते, त्यामुळे शेवटी तिच्या हाती काही लागत नाही. स्क्विड प्रत्यक्ष क्षेत्र मोजतं. पण संथ संकेत म्हणजे कमी फ्रिक्वेन्सी, आणि या नव्या पदार्थाची खरखर तिथेच सर्वांत जास्त. आली का पंचाईत?

ही खरखर दोन ठिकाणांहून येते. एक, सांध्यांची प्रवाह वाहण्याची क्षमता सारखी थरथरते. त्यावर तोड म्हणजे सेन्सरला दिलेला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट करायचा. थरथर बरीचशी आपसांत कटते.

दुसरं कारण जास्त चिवट. उघड्यावर थंड करताना पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र पातळ थरात भोवऱ्यांच्या रूपाने अडकतं. उष्णतेने हे भोवरे एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारतात. ती हालचाल कड्याला खऱ्या संकेतासारखीच दिसते, म्हणून प्रवाह उलटवून ती जात नाही.

मग भोवऱ्याला आत जागाच द्यायची नाही. थराची पट्टी पुरेशी अरुंद असेल तर भोवरा तिच्यात बसत नाही. पृथ्वीच्या साधारण ५० मायक्रोटेस्ला क्षेत्रासाठी हिशेब केला तर रुंदी येते पाच-सहा मायक्रोमीटर. केस याच्या दहापट जाड असतो. म्हणून रुंद थराला फटी पाडून त्याच्या बारीक पट्ट्या करतात. बर्कलीत जॉन क्लार्क यांच्या गटाने १९९०च्या दशकात हे करून दाखवलं. मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच: नवा पदार्थ नाही, जास्त थंडी नाही, फक्त आकार बदलला.

थराच्या कडा मात्र गुळगुळीत हव्यात. कड खडबडीत राहिली तर भोवरे तिथून आत शिरतात आणि खरखर परत सुरू.