आधी आकडा वाचू, मग ‘हो’ म्हणू

आमच्या बचत गटाच्या जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही डेबियन ही लिनक्सची प्रणाली वापरतो. ती मोफत आहे. पण तिच्यात नवं काही बसवायचं तर ते इंटरनेटवरून उतरवावं लागतं, आणि त्याला डेटा लागतो. तो डेटा आमच्यातल्याच कुणाच्या तरी मोबाइलचा असतो. म्हणून आज बोलूया, काय घ्यायचं आणि काय सोडायचं.

लिनक्समध्ये प्रोग्रॅम ‘पॅकेज’ म्हणून येतात. ती आणणाऱ्या आणि बसवणाऱ्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. आपण त्याला एकच नाव सांगतो, पण तो सोबत आणखी दहा पॅकेजं आणतो. असं का होतं?

पुरणपोळीचंच घ्या. डाळ, गूळ, कणीक नसेल तर पोळी होणारच नाही. वेलची-जायफळ नसलं तर पोळी होते, पण खाणारा विचारतोच, “आज काय राहिलं?” आणि कटाची आमटी केली तर छान, नाही केली तरी पोळी ती पोळीच. डेबियनमध्येही अशाच तीन पायऱ्या आहेत. पहिली गरजेची पॅकेजं, दुसरी शिफारशीची, तिसरी नुसती सुचवलेली. गरजेची येतातच. सुचवलेली आपण मागितल्याशिवाय येत नाहीत. शिफारशीची मात्र 2009 सालच्या ‘लेनी’ या आवृत्तीपासून आपोआप येतात, कारण बहुतेकांना ती लागतात. डेटा वाचवायला जागा आहे ती इथेच.

आम्ही आधी घाई केली. सगळ्याच शिफारशी बंद करून छपाईचं ‘कप्स’ हे पॅकेज बसवलं. सभेचं इतिवृत्त छापायला बसलो, तर वायफायवरचा प्रिंटर कॉम्प्युटरला दिसेचना. अर्धा दिवस गेला. जवळपासचा प्रिंटर शोधून देणारं ‘अवाही’ नावाचं पॅकेज शिफारशीत होतं, आणि ते होतं अगदी छोटंसं! चार पैसे वाचवताना कामच अडलं.

आता आम्ही एकेक शिफारस पाहून ठरवतो. ‘सिनॅप्टिक’ या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये शिफारशीची पॅकेजं गरजेची धरण्याची खूण असते, ती काढून ठेवली आहे. पॅकेजच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबलं की त्याच्या शिफारशींची यादी दिसते. हवं त्यावर खूण करायची.

शेवटी ‘हो’ म्हणण्याआधी पडद्यावर दोन आकडे येतात. एक, किती एमबी उतरवायचं. दुसरा, बसवल्यावर डिस्कवर किती जागा लागेल. पॅकेज दाबून बांधलेलं येतं आणि इथे उलगडतं, म्हणून दुसरा आकडा बहुधा मोठा असतो. तो पाहून घाबरू नका. डेटा जातो तो पहिल्या आकड्याइतका.

हिशेबासाठी आम्ही सगळं लिबरऑफिस न घेता त्यातलं फक्त ‘कॅल्क’ घेतलं. मराठी मेनूचं पॅकेज वेगळं असतं, तेही घेतलं. त्याला थोडा डेटा लागला, पण हिशेब लिहिणारी ताई आता कुणाला विचारत बसत नाही, स्वतःच वाचून काम करते. जे रोज हाताला लागतं, त्यावर कंजूषी नको.

आणि एका गोष्टीत काटकसर कधीच नको, ती म्हणजे सुरक्षेचे अपडेट. गटाचा हिशेब त्याच कॉम्प्युटरवर आहे. घराला कडी लावायचीच, तसे हे अपडेट घ्यायचेच.

अंथरूण पाहून पाय पसरायचे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. फक्त अंथरुणाचा आकडा वाचायची सवय लावून घेऊया. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हे सगळ्याजणी मिळून एकदा करून पाहा.