आठ मासे वजनाची दोरी

गोंदियाच्या बाजारात एका सराफाच्या दुकानात मी दोरी तोलायला गेलो होतो. सोनं नाही, चांदी नाही. फिकट पोपटी रंगाची, प्लास्टिकचं अस्तर चढवलेली तीस फूट दोरी. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तरुण मालकानं हसत का होईना, ती काट्यावर ठेवू दिली. उरलेली दोरी चकरीसकट मी हातात धरून उभा. काट्यावर आकडा आला 9.31 ग्रॅम. मागे गादीवर बसलेल्या त्याच्या वडिलांनी चष्मा कपाळावर सारला आणि जुन्या हिशेबात सांगितलं, ‘‘साडेनऊ मासे झाले जी. किती पायजे होते?’’

‘‘आठ,’’ मी म्हणालो.

मासा म्हणजे तोळ्याचा बारावा भाग, 15 ग्रेन. आणि ज्या काठीसाठी ही दोरी घेतली होती, तिला चार नंबरची, 120 ग्रेनची, म्हणजे बरोबर आठ माशांची दोरी लागते. डब्यावर आकडा चारचाच होता. आतली दोरी मात्र वजनानं पाच नंबरची निघाली. महिनाभर तलावाच्या पाळेवर मी ज्या गोष्टीसाठी स्वतःच्या मनगटाला दोष देत होतो, तिचं कारण काट्यानं दोन सेकंदांत सांगितलं.

काठी फ्लायची, म्हणजे पिसं बांधलेल्या हलक्या गळानं मासे धरण्याची; मामेभावानं परदेशातून आणलेली. सात फुटांची, काचतंतूची, हातात घेतली तर आहे की नाही कळू नये इतकी हलकी. टोक हलवलं तर थरथर मुठीपर्यंत येते. आपल्याकडे नाजूक प्रकृतीच्या माणसाला तोळामासा म्हणतात. ही काठी तशी. ती बनली ट्राउट नावाच्या माशासाठी, आणि ट्राउटला हवं थंड, वाहतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास विलायतेतून अंडी आणून तो मासा काश्मिरात रुजवला, पुढे कुलूच्या खोऱ्यात नेला. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जाणाऱ्या गोंदियात तो एक दिवस टिकायचा नाही. भावाला हे ठाऊक होतं. ‘‘तलाव तर आहेत ना तुमच्याकडे?’’ एवढंच तो म्हणाला.

तलावांना तोटा नाही. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा म्हणूनच ओळखला जातो. कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या पाळी घालून पाणी अडवलं. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’ म्हणून नोंदले गेले. त्याचाच लोकांनी ‘मामा तलाव’ केला. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. पाण्यावर धानाच्या बांध्या पिकतात आणि पाण्यात धिवर समाजाचं पोट असतं.

धिवरांच्या घरी जाळ्यांचे प्रकार अनेक, पण बोडीच्या काठावर दिसते ती गरी. सहा-सात फुटांची बांबूची काठी, टोकाला बांधलेला तंगूस, मोरपिसाच्या देठाचा तरंगणारा तुकडा, शिशाची गोळी, गळ आणि गांडूळ. चकरी नाही, सुटी दोरी नाही. दोरीची लांबी जवळपास काठीएवढी, म्हणजे मासा वर आला की थेट हातात येतो.

या काठीचा बांबू इथल्या जंगलातलाच, मानवेल. बाकीचे बांबू आतून पोकळ; मानवेल कोरड्या, खडकाळ जमिनीत वाढला तर जवळपास भरीव होतो. पेरं जवळ, जाडी करंगळीएवढी, वाढ पुरी झालेली अशी काठी हिवाळ्यात निवडायची, सावलीत वाळवायची. मग वाकडेपणा काढायचा. जाळावर एकेक पेर शेकायचं, तेल लावलेलं फडकं फिरवायचं, गुडघ्यावर दाब देऊन सरळ करायचं आणि थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. काठी सरळ होते, पण जिथे जाळ जास्त लागला तिथे तपकिरी डाग राहतो.

हे डाग मला पुढे एका अनपेक्षित ठिकाणी भेटले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबू चिरून, त्याच्या त्रिकोणी पट्ट्या चिकटवून फ्लायच्या काठ्या बनू लागल्या. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा सॅम्युएल फिलिप, मेन राज्यातला हायरम लिओनार्ड ही त्या धंद्यातली मोठी नावं. सहा पट्ट्यांची षट्‌कोनी काठी लिओनार्डनं घराघरात नेली. त्यांचा बांबू यायचा हिंदुस्थानातून, कलकत्त्याच्या बंदरातून. म्हणून त्याचं नाव कलकत्ता केन. जात आपल्या मानवेलाची. आणि त्या बांबूवर जागोजाग जाळाचे डाग असत, पट्ट्या काढताना कारागीर त्यांना वैतागत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधला टोंकिन बांबू आला आणि त्यानं कलकत्त्याला हटवलं. 1950 मध्ये अमेरिकेनं चिनी मालावर बंदी घातली, टोंकिनही दुर्मीळ झाला, तेव्हा काचतंतूच्या काठीचे दिवस आले. माझी सात फुटांची काठी त्या काचतंतूच्या घराण्यातली. म्हणजे बोडीच्या काठावरची गरी आणि माझी काठी यांच्यात नातं आहेच, फक्त दोन पिढ्यांचं अंतर पडलेलं.

दोरीचं कूळही असंच जवळ येऊन थांबतं. फ्लायची दोरी आधी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळत, मग रेशमाची विणू लागले. रेशमी दोरी जवसाच्या तेलात भिजवून वाळवायची, ती तरंगावी म्हणून चरबी चोळायची आणि दिवस संपला की चकरीवरून उलगडून सुकवायची. ओली राहिली की कुजली. टोकाला बांधायचा पारदर्शक धागाही रेशीमकिड्याचाच, त्याच्या रेशीमग्रंथी व्हिनेगरमध्ये मुरवून ताणून काढलेला. स्पेनमधला मुर्सिया प्रांत त्यासाठी प्रसिद्ध होता. ते रेशीम तुतीवरच्या किड्याचं. आपल्याकडचा कोसा ऐन आणि कहूच्या पानांवर पोसतो, आणि पूर्व विदर्भात तो पोसणारेही परंपरेनं धिवरच. पाण्यात मासे आणि पाळेवरच्या झाडांवर रेशीम, असं दुहेरी पीक घेणारा दुसरा समाज मला माहीत नाही.

रेशमी दोऱ्या अक्षरांनी ओळखत. प्रत्येक अक्षर म्हणजे एक जाडी; एचडीएच म्हणजे दोन्ही टोकं बारीक, पोट जाड. सगळ्या दोऱ्या रेशमाच्याच असल्यानं जाडी कळली की वजन कळायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं, मग त्यावर प्लास्टिकचं अस्तर. आता एकाच जाडीच्या दोन दोऱ्यांची वजनं वेगळी निघू लागली आणि अक्षरं निरुपयोगी झाली. तेव्हा अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेनं 1960 च्या आसपास नवा नियम ठरवला. दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन करायचं आणि त्यावरून नंबर द्यायचा. तीन नंबर 100 ग्रेन, चार नंबर 120, पाच नंबर 140, सहा नंबर 160. चार नंबरला सहा ग्रेन इकडे-तिकडे चालतात, त्याहून जास्त नाही.

एवढा वजनाचा काथ्याकूट का? कारण फ्लाय फेकणं म्हणजे फ्लाय फेकणं नव्हेच. गरीला शिशाची गोळी पुढे जाते आणि तंगूस तिच्यामागे ओढला जातो. फ्लायच्या टोकाला असतो पिसं बांधलेला, फुंकरीनं उडेल असा बारका गळ. तो कुठे दोरी ओढणार! इथे दोरीच पुढे जाते, गळ तिच्यामागे. वजन गोळीत नसून तीस-चाळीस फूट दोरीत पसरलेलं असतं. दोरी मागे हवेत ताठ झाली की तिच्या ओझ्यानं काठी वाकते, आणि थांबताक्षणी ती सरळ होताना दोरीला पुढे ढकलते. काठी म्हणजे कमान, दोरी म्हणजे तिचं ओझं.

ताठ काठी जास्त ओझं सोसते, किंबहुना मागते. आजच्या कार्बनच्या काठ्या अशाच, म्हणून त्यांच्यासाठीच्या अनेक दोऱ्या डब्यावरच्या नंबरपेक्षा अर्ध्या ते एक नंबरानं जड बनवतात. नरम काठीला हेच ओझं बाधतं. ती मुठीपर्यंत वाकते, सरळ व्हायला वेळ लावते, दोरीचा फास रुंद आणि आळशी होतो, पाण्यावर दोरी धपकन पडते. उलट दोरी फार हलकी असेल तर जवळच्या अंतरावर काठी वाकतच नाही आणि माणूस हातानं जोर लावत बसतो.

म्हणून नरम, हलक्या काठीसाठी दोरी घेताना डब्यावरचा मोठा आकडा नव्हे, बारीक अक्षरांतलं ग्रेनमधलं वजन वाचावं. ते 120 च्या आसपास असेल तरच ती चार नंबरची. वजन छापलेलंच नसेल तर दोरी आणून तोलावी. सराफ नाही म्हणत नाहीत. दुसरी गोष्ट, आपण किती लांब फेकणार? प्रमाण तीस फुटांचं आहे, पण बोडीवर पाण्यात जाते वीसच फूट दोरी. म्हणजे काठीवर ओझं येतं पाच माशांचं, टोक निमुळतं असल्यानं त्याहूनही कमी. सारं आयुष्य वीस फुटांतच जाणार असेल तर एक नंबर जड दोरी माफ आहे. चाळीस फूट काढायची हौस असेल तर नेमका नंबर, किंवा एक हलका.

तिसरी गोष्ट आकाराची. पुढच्या भागात वजन साठवलेली दोरी लांब जाते, पण तिचं पोट संपलं की मागे बारीक शेपूट उरते. दोन्ही बाजूंनी निमुळती, मध्ये सलग जाड अशी दोरी लांब जात नाही. मात्र पाण्यावर हळू उतरते, पाण्यावरूनच गडगडत पुढे लोटता येते, आणि एक टोक झिजलं की उलटी गुंडाळून पुन्हा नवी होते. नरम काठीला ही सोसते. आणि टोकाचा धागा? काठी स्वतःच धक्का पचवत असल्यानं 0.15 मिलिमीटरचा तंगूसही तिच्यावर सहसा तुटत नाही. नरमपणाची ही खरी कमाई.

तलावातल्या गळाचा विचार इंग्रजांनीही केला होता. मद्रासच्या सनदी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 1873 मध्ये हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं आणि 1887 मध्ये खास तलावांवर दुसरं. पण माझे गुरू बोडीवरच भेटले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातली ती बोडी मच्छीमार संस्थेच्या ठेक्यातली. आधी संस्थेला विचारलं, त्यांनी ‘‘मासा परत सोडणार ना?’’ एवढं विचारून हो म्हटलं. पहिल्या महिन्यात, म्हणजे त्या जड दोरीनिशी, पाळेवर गरी घेऊन बसलेले एक म्हातारे धिवर काका माझा खेळ पाहत होते. माझा गळ मागच्या कहूच्या फांदीत तिसऱ्यांदा अडकला तेव्हा ते उठले, माझी काठी हातात घेतली, एकदाच हवेत हलवली आणि परत दिली.

‘‘काठी बेस हाये. दोरी जड झाली जी.’’

त्यांनी आयुष्यात फ्लायची दोरी पाहिली नव्हती. पण काठीनं टोक वर उचलायला घेतलेला वेळ त्यांना कळला होता. त्यांची स्वतःची गरीही तशीच ठरते: मानवेलाचं टोक बारीक असेल तर तंगूस बारीक, गोळी लहान, मरळीसाठी जाड काठी काढली की तंगूसही जाड. काठीला विचारल्याशिवाय ते दोरी बांधत नाहीत. मला त्यासाठी सराफाचा काटा लागला.

दुसरी दोरी आली ती आधी काट्यावर गेली. 7.8 ग्रॅम. दोन्ही बाजूंनी निमुळती. बोडीवर पोचलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते, धान कापणीला आलेला, पाण्यावर धुकं. मागे कहूची झाडं होतीच, म्हणून दोरी मागे फेकलीच नाही. काठी हळू वर नेली, दोरी खांद्याशी सैल लोंबू दिली आणि पुढे सोडली. ती पाण्यावरून चाकासारखी उलगडत गेली आणि टोकाचा गळ शिंगाड्याच्या पानांच्या कडेला आवाज न करता बसला. काका काहीच बोलले नाहीत, फक्त आपला मोरपिसाचा देठ सोडून तिकडे पाहत राहिले. तासाभरात बोटभर लांबीचे, चांदीसारखे दोन मासे लागले. ओल्या हातानं सोडवून पाण्यात दिले. एवढ्याशा माशालाही काठी मुठीपर्यंत वाकली.

परतताना सराफाच्या दुकानावरून गेलो. म्हातारबुवा पायरीवर होते. काठी पाहून त्यांनी विचारलं, ‘‘किती मासे?’’

‘‘आठ,’’ मी म्हणालो. ‘‘गळाला लागले ते दोन वेगळे.’’